रेंज रोव्हरची तीन इंजिने

रेंज रोव्हर 1970 मध्ये बाजारात आली तेव्हा इंजिन निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ब्युइकच्या मूळ आराखड्यावरचे, दोन कार्बोरेटरांचे 3.5 लिटर व्ही-8 पेट्रोल इंजिन एवढेच मिळे. चालायला ते मऊसूत, पण पेट्रोल भरपूर पिणारे. युरोपात पेट्रोल महाग, म्हणून 1986 मध्ये व्हीएम या इटालियन कंपनीचे 2.4 लिटर टर्बोडिझेल आले. एवढ्या जड गाडीला ते कमीच पडे. खरा पालट 2006 च्या 3.6 लिटर व्ही-8 डिझेलने घडवला. भरपूर ताकद आणि बऱ्यापैकी मायलेज एकत्र आले. 2018 च्या सुमारास चार्जिंगवरची हायब्रिड आली: 2 लिटर पेट्रोल इंजिन आणि सुमारे 13 युनिटची बॅटरी.

भारतात जुन्या डिझेल गाडीचा भाव कायद्याने पाडला. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. पेट्रोलला मर्यादा 15 वर्षांची होती. साहजिकच तिथल्या कितीतरी डिझेल गाड्या परराज्यांत विकल्या गेल्या.

स्वस्त दिसल्या तरी त्या घेताना जपावे. अलीकडच्या डिझेलमधला धूर गाळणारा फिल्टर चांगला तापला तरच त्यातली काजळी जळते, आणि त्यासाठी लांबचा प्रवास लागतो. रोज शहरातच फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावी; हायब्रिड घ्यायची तर बॅटरी आधी तपासून घ्यावी.