मुळशीकडील घाटवाटा आणि जकातीची दिशा

जकातीचे कागद हे आमच्या संग्रहांतील पोरके कागद होत. वतनाची सनद, महजर, निवाडपत्र किंवा एखाद्या मुत्सद्द्याचें पत्र हातीं लागलें म्हणजे संग्राहक तें रुमालांत बांधून जपतो. उलट जकातीचा दाखला, माफीचें दस्तक, नाक्यावरील गोणींचा झाडा अशा बोटभर चिठ्ठ्या दप्तर चाळतांना प्रथम बाजूस पडतात व पुढें रद्दीच्या वाटेस लागतात. त्यांत ना लढाई, ना राजकारण, ना वंशावळ. मग त्या ठेवाव्या कशास, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे, असें आमचें म्हणणें आहे.

जकात ही केवळ उत्पन्नाची बाब मानिल्यानें तिचें दुसरें कार्य नजरेआड होतें. तें कार्य म्हणजे वाहतुकीस दिशा देणें. माल कोणत्या वाटेनें यावा व कोणत्या बंदरीं उतरावा, हें राज्यकर्ते जकातीच्या दरानें ठरवूं शकत व ठरवीतही. रस्त्यावर कर बसवून गर्दीचा ओघ वळविण्याची जी चर्चा आज चालू आहे, तिचें हें मूळ आपल्याच मुलुखांत आहे. मात्र जुन्या जकातींत व आजच्या पथकरांत भेदही आहे. तो ध्यानीं न घेतां केवळ अभिमानानें जुन्याचा दाखला देणें हें संशोधकास शोभणारें नव्हे. हा विचार मुळशीच्या अनुषंगानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. मुळशी तालुक्याचें ठाणें पौड. तालुक्याची पश्चिम हद्द म्हणजे सह्याद्रीचा कडा. कड्याखालीं आजचा रायगड जिल्हा, त्यांत उत्तरेस सुधागड-पाली व दक्षिणेस माणगांव. जुन्या व्यवस्थेंत हा मुलूख पौड मावळ, मुठें खोरें, कोरबारसें मावळ अशा नांवांनीं ओळखला जाई. तैलबैल्याच्या आसपासून सवाष्णी व वाघजाई हे घाट पालीकडे उतरतात. दक्षिणेस ताम्हिणीची वाट निजामपूर-माणगांवाकडे जाते. उत्तरेस, तालुक्याच्या हद्दीपलीकडे, कुरवंड्याची वाट व तिच्या शेजारीं बोरघाट. वाघजाई घाटाच्या अंगास ठाणाळ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. यावरून या वाटांचें प्राचीनत्व सहज कळतें. माथ्यावर कोरीगड व घनगड हे किल्ले वाटांवर नजर ठेवून उभे आहेत.

या वाटांनीं कोंकणांतून मीठ, सुकी मासळी व नारळ वर येत. देशावरून गूळ, तंबाखू, मिरची व कडधान्य खालीं जाई. सर्व वाहतूक बैलांच्या पाठीवरची. अरुंद वाटेंत जमाव कोंडला म्हणजे काय होतें, याचा धडा फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखानास मिळाला. कुरवंड्याच्या वाटेनें उतरलेली त्याची फौज उंबरखिंडींत अडकली, व शिवछत्रपतींनीं तिला पुढेंही जाऊं दिलें नाहीं व मागेंही फिरूं दिलें नाहीं. तो प्रसंग युद्धाचा खरा. परंतु खिंडीची रुंदी ही वाहतुकीची मर्यादा असते, हें तत्त्व तांड्यांस व फौजेस सारखेंच लागू आहे.

या घाटांचा एक विशेष असा कीं, ते एकमेकांपासून फार दूर नाहींत. एका घाटाच्या तोंडीं दर चढला, तर तांड्याचा नाईक बैल वळवून शेजारच्या घाटास लागणार. म्हणून नाका एकाच वाटेवर ठेवून भागत नसे. चौक्या सर्व वाटांवर ठेवाव्या लागत व दरांचा मेळ घालावा लागे. दराचा व वाटेचा हा संबंध आमच्या पूर्वजांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

२. घाटांतील जकातीचा विषय निघाला म्हणजे जुन्नरजवळील नाणेघाटाच्या दगडी रांजणाचें उदाहरण हटकून दिलें जातें. त्या रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकपरंपरा आहे. परंपरा गोड आहे. परंतु तेथील सातवाहनकालीन लेख यज्ञांचा व दक्षिणांचा आहे, जकातीचा नव्हे. म्हणून रांजणावर आम्ही आमच्या विवेचनाची इमारत उभारीत नाहीं. त्याहून पक्का पुरावा सतराव्या शतकांतील आहे, व तो कागदाचा आहे.

३. हा पुरावा म्हणजे शिवछत्रपतींनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस डिसेंबर १६७१ मध्यें लिहिलेलें मिठाच्या जकातीचें पत्र. त्याचा आशय इतिहासभक्तांस परिचित आहे. बारदेश त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. तेथील मीठ स्वस्त पडे. त्यामुळें व्यापारी तिकडे वळत व संगमेश्वराकडील मिठास गिऱ्हाईक उरत नसे. महाराजांनीं आज्ञा केली ती अशी कीं, बारदेशच्या मिठावर जकात इतकी बसवावी कीं वाटखर्चासह तें संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावें. असें न केल्यास उदमी परमुलखास लागतील व आपलीं बंदरें ओस पडतील, हें भय त्यामागें स्पष्ट आहे.

या पत्राचें महत्त्व बहुधा स्वदेशी व्यापाराच्या संरक्षणाच्या दृष्टीनें सांगितलें जातें, व तें यथार्थच आहे. आम्ही येथें त्याच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधूं इच्छितों. जकातीचा दर येथें खजिन्याच्या गरजेवरून ठरविलेला नाहीं. तो ठरविला आहे दोन वाटांच्या एकूण खर्चांतील अंतरावरून. दर किती, तर बैल वळेल इतका. पुन्हा, बारदेशची वाट बंद करण्याचा हुकूम नाहीं. मनाई करून चोरटी वाहतूक वाढविण्यापेक्षां व्यापाऱ्याच्या हिशेबासच हात घातला आहे. ज्याला आज अर्थशास्त्री किंमतीच्या द्वारें नियमन म्हणतात, तें हेंच. आणि तें शक्य झालें याचें कारण एकच: उदम्यास जाण्यास दुसरी जागा होती. संगमेश्वरचें मीठ तयार होतें.

४. पेशवाईच्या उत्तरकाळीं जकातीची स्थिति बदलली. माल भरतेवेळीं थळभरीत, उतरतेवेळीं थळमोड, आणि मधल्या वाटेवर ठाण्याठाण्यास राहदारी, असे अनेक पदर तिला होते. जकातीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराचें लक्ष आपल्या रकमेवर, मार्गावर नव्हे. थोड्याथोड्या कोसांवर गोणी उतरवून झाडा द्यावा लागल्यानें तांड्यांचा खोळंबा होई. जी जकात ओघास दिशा देण्याचें साधन होती, तीच ओघास बांध झाली.

या त्रासांतून व्यापाऱ्यांनीं काढलेली तोड मोठी चतुर होती. मोठ्या पेठांतून हुंडेकरी नांवाचा वर्ग होता. व्यापाऱ्यानें हुंडेकऱ्यास एकरकमी ऐवज द्यावा, व हुंडेकऱ्यानें सर्व मार्गावरील जकातदारांशीं परस्पर हिशेब करून माल बिनखोळंबा पोंचता करावा, अशी ही पद्धति. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत तिचें वर्णन आलें आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झालेली फास्टॅगची चिठ्ठी गाडीच्या कांचेवर पाहिली म्हणजे आम्हांस या हुंडेकऱ्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कर तोच, परंतु नाक्यावरची खोटी वांचली. कर किती घेतला याइतकेंच तो कसा घेतला यावरही वाहतुकीचा वेग अवलंबून असतो, हा या पद्धतीचा बोध.

५. पेशवाई बुडाल्यावर बारा वर्षांनीं, १० नोव्हेंबर १८३० रोजीं, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाची गाडीरस्त्याची सडक खुली केली. या सडकेवर टोल द्यावा लागे. मुळशीकडील घाटांच्या पायवाटांवर तशी सडक नव्हती. केवळ कराचा हिशेब पाहिला तर माल मुळशीच्या घाटांनीं वळावयास हवा होता. घडलें उलट. चाकाची गाडी अनेक बैलांचें ओझें एकदम नेते; त्या बचतीपुढें टोल क्षुल्लक ठरला, व देशावरचा मोठा व्यापार बोरघाटाच्या एका नळींतून वाहूं लागला. १८३८ सालच्या सुमारास मुंबई इलाख्यांतील अंतर्गत राहदारी जकाती रद्द झाल्या, आणि १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. सवाष्णी, वाघजाई इत्यादि वाटा स्थानिक रहदारीपुरत्या उरल्या.

येथें जकात व टोल यांतील भेद स्पष्ट होतो. जकात मालावर, टोल रस्त्याच्या वापरावर. रस्ते व पूल यांवरील टोलाचा मुंबईचा कायदा १८७५ सालचा. त्याची दृष्टि रस्त्याच्या खर्चाची भरपाई करून घेण्याची. वाहतूक कोणीकडे वळावी हा विचार त्यांत गौण झाला. शिवकालीन पत्रांतील तत्त्व अशा रीतीनें आपल्या कारभारांतून मागें पडलें.

६. तें तत्त्व युरोपांत निराळ्या वाटेनें पुढें आलें. इंग्रज अर्थशास्त्री पिगू यानें १९२० मध्यें दोन रस्त्यांचें उदाहरण मांडलें. एक रस्ता जवळचा व चांगला, परंतु अरुंद. दुसरा लांबचा किंवा खराब, परंतु मोकळा. प्रत्येक जण जवळच्याच रस्त्यानें जातो, व तो इतका तुंबतो कीं अखेर दोहोंस सारखाच वेळ लागतो. जवळच्या रस्त्यावर माफक कर बसविला तर थोडे लोक दुसरीकडे वळतात. त्यांचें नुकसान होत नाहीं, कारण दोन्ही वाटांस पूर्वीं वेळ सारखाच लागत होता. मागें राहिलेल्यांची वाट मात्र मोकळी होते. सिंगापुरानें १९७५ मध्यें, लंडननें २००३ मध्यें असे कर आपापल्या शहरांच्या मध्यभागीं सुरू केले. स्टॉकहोमनें २००६ मध्यें प्रयोग करून पाहिला व २००७ मध्यें तो कायम केला. तेथें कराच्या वेशीवरील वाहतूक सुमारें एक-पंचमांशानें कमी झाली.

१६७१ चें पत्र गर्दी कमी करण्यासाठीं नव्हतें. पिगूचा कर परमुलखांतील माल रोखण्यासाठीं नाहीं. हेतु भिन्न आहेत. परंतु यंत्र एकच आहे, व त्याची अटही एकच: दुसरी वाट उपलब्ध असली पाहिजे.

७. ही अट लावून आजच्या मुळशीकडे पाहूं. हिंजवडी हें गांव याच तालुक्यांत. तेथें संगणक-उद्योगाची वसाहत झाल्यापासून सकाळ-सायंकाळ रस्ते तुंबतात, ही गोष्ट पुणेकरांस सांगावयास नको. पौडाकडे जाणारा रस्ता ज्या चांदणी चौकावरून फुटतो, तेथील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्यें पाडावा लागला व नवी योजना ऑगस्ट २०२३ मध्यें खुली झाली. पावसाळ्यांत ताम्हिणीचा घाट धबधबे पाहणाऱ्यांच्या गाड्यांनीं भरतो. अशा ठिकाणीं कर बसवावा काय, हा प्रश्न आज ना उद्यां निघणारच.

इतिहासाचें उत्तर आमच्या मतें असें आहे. ज्या माणसास कामावर जाण्यास दुसरा रस्ता नाहीं, आगगाडी नाहीं, पुरेशी बस नाहीं, त्याच्यावर बसविलेला कर ओघ वळवीत नाहीं. तो केवळ त्याचा खिसा हलका करतो. तो उत्तर पेशवाईंतील मक्त्याचा प्रकार झाला, शिवकालीन तहाचा नव्हे. आधीं संगमेश्वरचें मीठ पाहिजे, मग बारदेशच्या मिठावर जकात. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ मध्यें पूर्ण झाला तेव्हांही नवा व जुना असे दोन रस्ते बोरघाटांतील कांहीं अंतर एकत्रच ठेविले गेले. जेथें नळी एक, तेथें दोन दर ठेवून ओघ विभागत नाहीं. उलट ताम्हिणीस सहलीसाठीं जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्यास दुसरा दिवस आहे, दुसरी वेळ आहे. आणि दुसरी वेळ हीही एक दुसरी वाटच होय. मात्र तेथेंही खोऱ्यांतील रहिवाशांस माफी असावी. माफीच्या दस्तकांची चाल आपल्याकडे जुनीच आहे.

लोकांचा टोलावरील रोष निव्वळ पैशाचा नाहीं, हेंही यावरून कळावें. १ जून २०१५ पासून महाराष्ट्र सरकारनें १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर लहान गाड्यांस सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांच वेशींवर हलक्या वाहनांस माफी मिळाली. ज्या कराचें प्रयोजन देणारास दिसत नाहीं, तो कर टिकत नाहीं.

८. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. १६ एप्रिल १९२१ रोजीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापटांनीं व मावळ्यांनीं तो नेटानें चालविला. तरीही टाटांचें धरण झालें व नीला-मुळेचें खोरें पाण्याखालीं गेलें. आंबेमोहोराचीं खाचरें गेलीं, घरें गेलीं, व घाटमाथ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटांचे तळही गेले. जमिनीवरचा पुरावा जेथें बुडाला, तेथें कागद हाच साक्षी उरतो. पौड, मुठें व कोरबारसें या मावळांतील देशमुख-देशपांडे, कुलकर्णी व व्यापारी यांच्या घरीं जकातीचे दाखले, दस्तकें, हुंडेकऱ्यांच्या याद्या असतील, तर त्यांवरील घाटाचें नांव, बैलांची संख्या, माल, दर व मिति हीं पांच कलमें टिपून ठेवावींत. एक चिठ्ठी कांहीं सांगत नाहीं. शंभर चिठ्ठ्या एकत्र लाविल्या म्हणजे कोणत्या सालीं तांडा कोणत्या घाटानें वळला व कां वळला, हें त्या आपण होऊन सांगूं लागतील. सनदा राजांचा इतिहास सांगतात. बैलांच्या पाठीवरून गेलेला इतिहास या चिठ्ठ्यांतच आहे. त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत, इतकेंच आमचें मागणें आहे.