डाव्या मुठीतला गिअर

कल्याणजवळच्या आंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरली, मागे तीन आणि पुढे ड्रायव्हरच्या बगलेत ‘चौथी सीट’ बसली, की रिक्षावाला एकाच मुठीत दोन कामं उरकतो. बोटांनी क्लच दाबायचा आणि दाबलेल्या क्लचसकट मनगट फिरवायचं. खट् आवाज होतो, पहिला पडतो, रिक्षा मोहोन्याकडे निघते. कारवर हात बसलेल्या माणसाला हा गिअर पहिल्यांदा दिला तर त्याला घाम फुटतो. जुनी बजाज स्कूटर चालवलेल्याला काहीच वाटत नाही. कारण गिअर स्कूटरचाच आहे. स्कूटर गेली, तिचा गिअर रिक्षात राहिला. त्याचं कूळ शोधत गेलो तर इटलीतल्या पाँतेदेरा गावी पोचतो, आणि गंमत अशी की त्याच्या मुळावर उठलेल्या बिनगिअरच्या गाडीची एक शाखाही त्याच गावातून फुटलेली आहे.

पियाजिओ ही युद्धाआधी विमानं बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात पाँतेदेराचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, आणि युद्ध संपल्यावर इटलीत विमानांना गिऱ्हाईकही राहिलं नाही. लोकांना हवी होती कामावर जायला स्वस्त गाडी. एनरिको पियाजिओनं हे काम कोर्रादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टरच्या अभियंत्याकडे सोपवलं. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. उघडी चेन, कपड्यांना तेल, बसायला टांग टाकायची आणि पंक्चर झालं की चाक काढण्याचा खटाटोप. त्यानं मधली जागा मोकळी केली, चेन काढून टाकली, इंजिन मागच्या चाकालगत बसवलं आणि गिअर डाव्या मुठीत आणला. गिअर बदलताना हँडल सोडावं लागू नये, बुटाचं नाकही झिजू नये. 23 एप्रिल 1946 रोजी फ्लॉरेन्समध्ये या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. नाव व्हेस्पा. दोन वर्षांत त्याच बांधणीची मालवाहू तीनचाकी ‘आपे’ बाजारात आली.

या गिअरची आतली रचना मला फार देखणी वाटते. त्यात गिअर ‘टाकला’ जातो असं आपण म्हणतो, पण दातेरी चाकं जागची हलत नाहीत. प्रत्येक जोडीतली चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यातलं एक मधल्या दांड्यावर सैल फिरत असतं. मूठ वळवली की वायर ओढली जाते, दांड्याच्या आत एक चौफुलीच्या आकाराचा तुकडा सरकतो आणि सैल चाकांपैकी एकाच चाकाला दांड्याशी कुलूप घालतो. एवढंच. वायर दोन असतात, एक वर चढवायला आणि एक उतरवायला. त्या ताणल्या की मुठीवरचा आकडा आणि आतला गिअर यांची चुकामूक होते. मग रिक्षावाला सिग्नलला गाडी किंचित मागेपुढे हलवून न्यूट्रल शोधत बसतो. वायर तुटली तर ज्या गिअरला तुटली त्याच गिअरमध्ये रिक्षा रखडत गॅरेजला जाते.

हा गिअर आपल्याकडे आणण्यात दोन मराठी मुलखातल्या घराण्यांचा हात आहे. 1945 मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पुढची बजाज ऑटो, 1948 पासून दुचाकी आणि तीनचाकी आयात करून विकू लागली. त्याच सुमारास नवलमल फिरोदिया यांनी पियाजिओच्या मालवाहू तीनचाकीवर माणसं बसवण्याची कल्पना लढवली आणि ते वाहन मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ठेवलं. माणसानं माणसाला ओढायच्या रिक्षाला पर्याय म्हणून ते मान्य झालं. रिक्षेला हँडल आहे आणि स्टिअरिंग नाही, ते या जन्मकथेमुळे. ठाण्याजवळ भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इटलीचीच लँब्रेटा बनवत होती, तिचाही गिअर मुठीतलाच. बजाजला उत्पादनाचा परवाना 1959 मध्ये मिळाला. 1971 मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला आणि 1972 मध्ये तीच स्कूटर ‘चेतक’ या नावानं आकुर्डीहून निघू लागली. पुढची कथा घरोघरी माहीत आहे: नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं, आणि मिळाल्यावर रोज सकाळी तिला एका अंगाला वाकवून किक मारणं.

आता मोटारींच्या घराण्याकडे वळू. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याची तीनचाकी मोटार आणि दोन मुलगे घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरची वाट. चढ आला की मुलांना उतरून गाडी ढकलावी लागे. परत आल्यावर तिनं नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर बसवायला सांगितलं, असं सांगतात. ते खरं धरलं तर गिअरची पहिली मागणी एका बाईनं केली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. 1891 मध्ये फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीनं इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स अशी मांडणी केली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स हा क्रम मॅन्युअल गाडीत आजही तोच आहे.

आपल्या भागातल्या दोन पिढ्या मात्र आणखी एका तऱ्हेच्या गिअरवर वाढल्या. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा, हातानं वरखाली करायचा गिअर. अमेरिकन मोटारींनी 1930 च्या दशकाच्या शेवटी तो रूढ केला, फियाट 1100 नं तो घेतला आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून तो फियाटमधून आणि पुढे पद्मिनीतून मुंबईच्या टॅक्सीत आला. फरशीवर दांडा नसल्यानं पुढची सीट सलग, आणि टॅक्सीवाल्याला ते सोयीचं. प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्याच अंगणात, कल्याण-शीळ रस्त्यावर. 1990 च्या दशकाच्या मध्यावर तिथे प्यूजो 309 बनू लागली. पाच गिअर, दांडा फरशीवर, तेव्हाच्या मानानं फारच सफाईची गाडी. कामगारांचा तंटा, ग्राहकांच्या तक्रारी आणि भागीदारांतली कुरबुर यांत काही वर्षांतच प्यूजोनं काढता पाय घेतला. आज त्या जागेचं नाव राजकीय सभांच्या बातम्यांत ‘प्रीमियर मैदान’ म्हणून येतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि स्टिअरिंगवरचा गिअरही रस्त्यावरून जवळपास गेला.

आता ऑटोमॅटिक. जनरल मोटर्सनं 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये ‘हायड्रामॅटिक’ दिला: क्लचचं पेडलच नाही, इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचा दुवा. महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. 1958 मध्ये नेदरलँड्सच्या डाफनं गिअरची चाकंच काढून टाकली आणि रबरी पट्ट्यावर चालणारी मोटार काढली. ती मागेही पुढच्याइतक्याच वेगानं पळू शके, आणि डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यती लावल्या!

यातलं काही आपल्याकडच्या मोटारींत रुजलं नाही. तेलाचा दुवा पेट्रोल खाई, गाडी महाग पडे, बिघडली तर नाक्यावरचा मेकॅनिक हात लावायला धजत नसे. झेन, सँट्रो यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या आल्या, पण त्यांची छाप पडली नाही. ‘गाडी चालवता येते’ याचा आपल्याकडचा अर्थच ‘क्लच सोडता येतो’ असा होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की भारतीय ऑटोमॅटिकची वंशावळ बड्या मोटारींत शोधण्यात अर्थ नाही. ती लुनापासून सुरू होते. 1972, म्हणजे चेतकचंच वर्ष. नवलमलजींचे बंधू हस्तीमल फिरोदिया आणि पुतणे अरुण फिरोदिया यांच्या कायनेटिकनं लुना आणली, आणि तीही पियाजिओच्याच ‘चाओ’ या मोपेडवरून. एका भावानं मुठीतला गिअर रिक्षात आणला, दुसऱ्याच्या घरातून गिअर नसलेली गाडी निघाली, आणि दोन्हींचं आजोळ पाँतेदेरा. लुनात क्लच आपोआप लागतो: इंजिनचा वेग वाढला की आतले पॅड फिरता फिरता बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या डबीला घट्ट धरतात. वेग उतरला की सुटतात. चालवणाऱ्यानं फक्त कान पिळायचा.

1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, त्या क्लचबरोबर डाफच्या धर्तीचा पट्टा घेऊन. पट्टा दोन कप्प्यांवर फिरतो. वेग वाढेल तसे पुढच्या कप्पीतले छोटे रोलर बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो. मागच्या कप्पीत नेमकं उलट. पहिला-दुसरा-तिसरा अशा पायऱ्याच नाहीत. शिवाय बटण दाबून चालू होणारी. तिला लगेच ‘लेडीज गाडी’ म्हणून बाजूला काढलं गेलं. बर्थाबाईंनी गिअर मागून घेतल्यानंतर शंभर वर्षांनी ‘गिअर बायकांना जमत नाही’ हा शोध आपल्याकडच्या पुरुषांनी लावला. बायकांनी वाद घातला नाही, गाडी घेतली. डोंबिवली-कल्याणातल्या शिक्षिका, बँकेतल्या नोकरदार, क्लासला जाणाऱ्या मुली आधी कायनेटिकवर आणि या शतकाच्या सुरुवातीपासून ॲक्टिव्हावर दिसू लागल्या. मग मुलांनी ती गाडी ‘जरा कोपऱ्यावर जाऊन येतो’ म्हणत नेली, आणि नंतर बाबांनीही. 2009 मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा चेतकचं उत्पादन आधीच थांबलेलं होतं.

कारमध्ये खरा बदल 2014 साली मारुतीच्या सेलेरिओनं केला. तिचा गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच. फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला यंत्राचे हात बसवलेले. ते बनवणारी मॅग्नेटी मारेली ही कंपनीही मूळची इटलीचीच. 1989 मध्ये ब्राझीलची शर्यत जिंकलेल्या फेरारीच्या गिअरमागे तिचंच काम होतं. म्हणजे शहाडच्या पुलावर तुंबलेल्या सेलेरिओचं फेरारीशी नातं आहे, फार दूरचं का होईना. या गाड्या गिअर बदलताना पोटात असा हिसका देतात की सगळे प्रवासी एकदम मान डोलावतात, आणि त्याला मी सफाई म्हणणार नाही. पण किंमत थोडीच जास्त आणि मायलेज मॅन्युअलइतकंच, यानं लोकांचा मोठा आक्षेप संपला. राहिलेलं काम रस्त्यानं केलं. दुर्गाडी, पत्री पूल, काटई नाका या वाटेनं रोज हाफ क्लचवर रांगणाऱ्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला मॅन्युअलचा अभिमान फार काळ परवडत नाही, आणि क्लचप्लेटचं बिल वेगळंच.

विजेच्या गाडीत दोन्ही शाखा एकत्र आल्या आहेत. मोटर शून्यापासूनच पुरता जोर देते, म्हणून पायऱ्या लागत नाहीत. 2020 मध्ये चेतक परतली ती बिनगिअरची, 2024 मध्ये लुना परतली तीही विजेवर. बजाजनं विजेवरच्या रिक्षेत दोन गतींचा गिअर ठेवला, पण तो आपोआप बदलतो.

कायद्यानं मात्र अजून जुनाच हिशेब ठेवला आहे, आणि तोही अर्धा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 10 मध्ये दुचाकीचे दोन वेगळे वर्ग आहेत: गिअरसह आणि गिअरविना. फक्त बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना असलेल्यानं बुलेट चालवली तर तो गुन्हा. कारच्या परवान्यात हा भेदच नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. आपल्याकडे ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी मित्राची मॅन्युअल घेऊन कसारा घाट चढू लागला, तरी कायदा त्याला हटकत नाही. दुचाकीला लावलेला नियम कारलाही लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो होईल तेव्हा होईल. तोवर ऑटोमॅटिकवर परवाना काढलेल्यांनी एखाद्या रविवारी, मोकळ्या रस्त्यावर, जाणत्या माणसाला शेजारी बसवून क्लच शिकून घ्यावा, आणि मगच दुसऱ्याच्या गाडीची किल्ली हातात घ्यावी.