‘पंतप्रधान’ खेर : पदनाम वाचताना थोडं थांबा

१९३७ ते १९५० मधल्या मराठी मजकुरात ‘पंतप्रधान खेर’ असं वाचलंत तर दचकू नका. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत. मुंबई प्रांतात एप्रिल १९३७ मध्ये धनजीशा कूपर पहिले पंतप्रधान झाले. जुलैत बाळासाहेब खेर आले.

आता खरा प्रश्न विचारा : या पंतप्रधानाच्या हातात होतं काय? खेरांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली, बार्डोलीच्या जप्त जमिनी परत मिळवून दिल्या. पण डोक्यावर खास अधिकारांचा गव्हर्नर होता. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारताला परस्पर युद्धात ओढलं आणि नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळ बाहेर पडलं. इजिप्तचं उदाहरण शेजारी ठेवा. देश नावाला स्वतंत्र, तरी १९४२ मध्ये ब्रिटिश रणगाडे राजवाड्याला वेढून उभे राहिले, तेव्हा राजाने नहास पाशांना पंतप्रधान नेमलं. पदनाम तेच, सत्तेचा उगम वेगळा.

१९४६ मध्ये खेर परतले. आपल्या नगरचे कुंदनमल फिरोदिया तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि खेर त्याच खुर्चीत ‘मुख्यमंत्री’ झाले. १९५२ पर्यंत राहिले.

श्रीरामपुरातल्या स्टेशनचं नाव बेलापूर, आपलं गाव मात्र तिथून काही किलोमीटरवर. आपण फसत नाही, कारण आपल्याला ठाऊक असतं. कागदपत्रांत ते ठाऊक नसतं. म्हणून टिपण काढताना पदनामाशेजारी तीन गोष्टी लिहाच : तारीख, कायदा, आणि त्या माणसाला खुर्चीवरून कोण उठवू शकत होतं.