अभिप्राय कळवावा

मराठी माणूस दोन गोष्टी फुकट देतो: पत्ता आणि अभिप्राय. बोईसर स्टेशनाबाहेर उभं राहून तुम्ही नुसतं 'तारापूरला जायचंय' म्हणा. एक जण किल्ल्याकडे धाडील, दुसरा अणुकेंद्राकडे, तिसरा एम.आय.डी.सी.च्या कारखान्यांकडे. तिघेही खरंच बोलतात. फक्त तुम्हांला कुठे जायचं आहे, हे कुणी विचारीत नाही. अभिप्रायाचंही असंच आहे.

कडक अभिप्रायाची आमची परंपरा थेट देहूपर्यंत जाते. तुकोबांच्या अभंगांवर रामेश्वर भटांचं मत असं पडलं म्हणतात, की वह्याच इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या आणि रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले. परीक्षकाने आपलं मत उघडपणे बदलल्याचं दुसरं उदाहरण मी पुष्कळ दिवस शोधीत होतो. ते सापडलं, पण त्यासाठी जरा वळसा घालावा लागेल, आणि तोही व्हिडिओ गेमच्या गल्लीतून.

वळसा अमेरिकेतून सुरू होतो. तिथे हौसेने लिहून स्वतःच छापणाऱ्यांच्या संघटना होत्या. अशा एका संघटनेत 1914 साली एच. पी. लव्हक्राफ्ट नावाचा तरुण दाखल झाला. ह्या संघटनेत चक्क 'जाहीर टीका विभाग' होता: सभासदांचं छापलेलं वाचायचं आणि दोष दाखवायचे. ते खातं लव्हक्राफ्टकडे आलं. पुढे हा गृहस्थ भयकथांसाठी प्रसिद्ध झाला. हौशी कवींची यमकं त्याने इतकी तपासली होती, हे कळल्यावर त्याच्या भुतांचा उगम ध्यानात येतो.

नंतर विज्ञानकथांच्या वेड्यांनी असेच घरगुती अंक काढले. त्यांच्यात एक झकास रिवाज होता: अंकावर सविस्तर अभिप्रायाचं पत्र लिहिलंत, की पुढला अंक फुकट. ह्याच गोतावळ्यातल्या आर्नी कॅट्झ आणि बिल कंकल ह्या जोडीने 1979 साली 'व्हिडिओ' मासिकात खेळांच्या परीक्षणांचं सदर सुरू केलं, आणि 1981 साली जॉइस वॉर्ली ह्यांना घेऊन 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे मासिकच काढलं. म्हणजे ही परीक्षणविद्या जन्मली तीच पत्रांतून बोलणी खाल्लेल्या हौशी माणसांच्या हातून.

पाठोपाठ 1982 साली अटारी कंपनीने 'ई.टी.'चा खेळ आणला. तो तयार करायला हॉवर्ड वॉरशॉला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. लोकांनी असा अभिप्राय दिला, की 1983 साली न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरावा लागला. 2014 साली तो उकरून वर काढला. पण नुसतं वर येऊन भागत नाही. इथे शिष्य कुणी झालं नाही.

आता अभिप्राय असावा तरी कसा? उत्तर आमच्या तारापुरातच आहे. 'फीडबॅक' हा शब्द मुळी साहित्यिकांचा नव्हे, यंत्रवाल्यांचा. 2 ऑगस्ट 1927 रोजी सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हा इंजिनिअर हडसन नदीतल्या फेरीबोटीने कामावर निघाला होता. वाटेत त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच आकृती काढली: अँप्लिफायरमधून बाहेर येणाऱ्याचा थोडा हिस्सा उलटा करून पुन्हा आत सोडायचा. जोर कमी होतो, पण खरखर जाते. हाच तो निगेटिव्ह फीडबॅक. आमचे बोईसरकरही रोज मुंबईला जाताना मांडीवर वर्तमानपत्र पसरतात; फक्त त्यावर पत्ते मांडलेले असतात.

तारापूरच्या 1969 सालच्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. त्यांत जोर वाढला की वाफेचे बुडबुडे वाढतात. बुडबुडे वाढले की न्यूट्रॉनांना पुरेसा लगाम बसत नाही आणि अणू फुटणं मंदावतं. भट्टी स्वतःच स्वतःला 'जरा दमानं' म्हणते. चेर्नोबिलची तऱ्हा उलटी होती: वाफ वाढली की जोर आणखी वाढायचा. 1986 साली काय झालं ते जगाला ठाऊक आहे. 'वा! छान! झकास!' हा अभिप्राय ह्यांतल्या कुठल्या जातीचा, ते वाचकांनीच ठरवावं.

हे मला शिकवलं शेजारच्या अण्णांनी. अणुकेंद्रात पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस. 2020 सालच्या टाळेबंदीत पालघरचा आमचा भाचा आमच्याकडेच अडकला आणि व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहू लागला. पहिलं 'पबजी'चं. ते आठ पानी परीक्षण पुरं होतंय तोच, 2 सप्टेंबरला सरकारने तो खेळच बंद केला. इतकं आटोपशीर परीक्षण अजून कुणाला जमलेलं नाही! दुसरं होतं मोटारींच्या शर्यतीचं. प्रती घरोघर गेल्या, खाली ओळ: 'अभिप्राय कळवावा.' अकरा नातेवाइकांनी 'छान' कळवलं. अण्णांनी समासात लिहिलं: 'तिसऱ्या वळणावर गाडी वळत नाही म्हणतोस. वेग किती होता? ब्रेक कुठे दाबलास? दोष खेळाचा की तुझा?'

पोरगं दोन दिवस जेवलं नाही. 'खेळांचं सोडाच, पुन्हा काही म्हणजे काही लिहिणार नाही,' म्हणाला. माझ्या बहिणीने अण्णांकडे जाणारी आमटीची वाटी बंद केली. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने गुपचूप ते वळण वीसदा घेतलं, वेग टिपला, पान नव्याने लिहिलं, आणि अण्णांपुढे टाकून म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही चालवून बघा. न खेळता शेरा मारायचा नाही."

अण्णांनी उभ्या आयुष्यात बोईसर-चिल्हार रस्त्यापलीकडे गाडी पळवली नव्हती. चष्मा पुसून ते बसले. सतरा वेळा भिंतीवर आदळले, आणि लॉगबुकात नोंदवावं तशी प्रत्येक वेळ नोंदवली. मग खाली लिहिलं: 'परीक्षण बरोबर. वळणच चुकीचं बांधलं आहे. आधीचा शेरा मागे घेतो.'

देहूनंतरचं दुसरं उदाहरण ते हे. भाचा अजून लिहितो, आणि पहिली प्रत अण्णांकडेच जाते. वाटी सुरू व्हायला मात्र दिवाळी उजाडली. बहिणीने बारा चकल्या धाडल्या. वाटी परत आली ती चिठ्ठीसकट: '12 पैकी 3 मऊ.'

बहिणीने त्या तीन बदलून दिल्या.