पारायण, गजानन विजय ग्रंथाचे

‘श्रीगजानन विजय’ या ओवीबद्ध चरित्रग्रंथाचे नियमाने केलेले संपूर्ण वाचन. शेगाव (जि. बुलढाणा) येथे 23 फेब्रुवारी 1878 रोजी प्रकटलेल्या व 8 सप्टेंबर 1910 रोजी समाधिस्थ झालेल्या संत गजानन महाराजांचे हे चरित्र दासगणू महाराजांनी रचले. ग्रंथाचे 21 अध्याय आहेत. एका दिवसाचे, दशमी ते द्वादशी असे तीन दिवसांचे (रोज सात अध्याय), सप्ताहाचे (रोज तीन) किंवा रोज एक अध्याय असे 21 दिवसांचे पारायण करतात. गुरुपुष्यामृत योगावरील एकदिवसीय पारायण विशेष मानतात.

स्नान करून, दिवा लावून, पाटावर किंवा चौरंगावर पोथी ठेवून वाचक संकल्प सोडतो. मनातली चिंता नेमकी कोणती, हे त्या वेळी त्याला स्वतःशीच स्पष्ट शब्दांत मांडावे लागते. ओव्या मोठ्याने वाचताना श्वास लयीत येतो, ठरलेल्या वेळेमुळे दिवसाला शिस्त लागते. सांगतेला पिठलं-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. कोकणात देवाला कौल लावून होकार-नकार मागतात, तसा पारायणात मागितला जात नाही. मनातल्या चिंतेबाबतचा निर्णय वाचकाचाच असतो. अशा वाचनातून मनाला मिळणारी उभारी मोलाची आहे. मात्र दीर्घकाळच्या नैराश्यात वैद्यकीय उपचारही घ्यायलाच हवेत.