चौसष्ट दिवसांचा बंदिवास

आपल्या देशात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या संशोधनातून उघडकीस आली. रोगावर औषध नव्हते. कायदा मात्र त्वरेने सिद्ध झाला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितास अलग ठेवण्याची सक्ती घालण्यात आली आणि तिचा घाव पडला तो पर्रा येथील डॉमिनिक डिसोझा या ख्रिस्ती तरुणावर.

डॉमिनिक नियमित रक्तदान करीत असे. दिलेल्या रक्ताच्या तपासणीतूनच त्याची बाधा कळली. पण ती त्याला कळविण्यास डॉक्टरांऐवजी पोलीस धावले! १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला नेऊन म्हापशाच्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. तरीही ६४ दिवस तो तेथेच होता. महारोग्यांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा तेव्हा पुस्तकातून गेलेला नव्हता (तो २०१६ साली रद्द झाला), हे ध्यानी घेतले म्हणजे या वृत्तीचे मूळ सापडते.

त्याची आई लुसी उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेली. मुलगा घरी आला, कायद्यातील सक्तीही सैल झाली; परंतु डिसेंबर १९८९ च्या निकालाने अलगीकरणाचा सरकारचा अधिकार कायम ठेवला. हा निकाल आम्हांस आजही खटकतो. स्पर्शाने वा सहवासाने न पसरणाऱ्या रोगाला भिंती काय करणार? जानेफळसारख्या गावी, जेथे सारे एकमेकांना ओळखतात, पोलिसांची गाडी एकदा दारी थांबली की तपासणीला दुसरा कोण जाईल?

१९९२ साली डॉमिनिकने बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो निवर्तला. त्याच वर्षी राज्यसभेतील एड्स प्रतिबंधक विधेयकही मागे घेण्यात आले.

जीवघेणा रोग पसरविण्याबद्दल शिक्षा सांगणारी १८६० च्या दंडसंहितेची २६९ व २७० ही कलमे मात्र टिकली. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ती २७१ व २७२ झाली आहेत. दरम्यान २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. संमतीवाचून तपासणी करण्यास त्याने मनाई केली, आणि बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली.