कव्हरवर नाव नसलेली माणसं

 

आज सुरुवात एका गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांपासून करू. गाणं आहे टेम्प्टेशन्सचं, 1964 च्या अखेरीस बाजारात आलेलं 'माय गर्ल'. गायक अजून गप्प आहेत. आधी बेस गिटार येते, छातीत ठोका पडावा तशी. मग दुसरी गिटार जिना चढल्यासारखी वर जाते. तिचे स्वर मोजून पाहा: सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. आपल्या भूपाचाच आरोह म्हणा ना! गाणाऱ्याने तोंड उघडायच्या आत अर्ध्या जगाला गाणं ओळखू येतं.

आता प्रश्न. गाणारा डेव्हिड रफिन होता, हे रसिकांना माहीत असतं. गाणं स्मोकी रॉबिन्सन आणि रॉनल्ड व्हाइट यांनी लिहिलं, हे रेकॉर्डवर छापलेलं होतं. पण ही गिटार कोणी वाजवली? आणि तो बेस? रेकॉर्ड उलटीसुलटी करून पाहिली असती तरी तुम्हाला उत्तर मिळालं नसतं.

आजचा भाग या दोन माणसांबद्दल आणि त्यांच्या सोबत्यांबद्दल.

आपल्यापैकी बरेच जण हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या निमित्ताने वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर गेलेले असतील. तिथून जवळच, 2648 क्रमांकाचं एक साधं दुमजली घर आहे. दर्शनी भागावर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' असं लिहिलेलं. बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने जानेवारी 1959 मध्ये घरच्यांच्या सामायिक बचतीतून 800 डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्याच वर्षी हे घर घेतलं. तीच मोटाउन. घरात पूर्वी फोटो स्टुडिओ होता. मागच्या बाजूची जागा त्याने ध्वनिमुद्रणासाठी तयार केली. छतावरून लोंबणाऱ्या केबलींमुळे वादक त्या खोलीला 'स्नेकपिट' म्हणत, म्हणजे सापांचा खड्डा. हा स्टुडिओ दिवसाचे जवळजवळ 22 तास चालू असे.

गॉर्डीने आधी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलं होतं. एका टोकाने लोखंडी सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर येते, हे त्याने रोज पाहिलं होतं. गाण्यांचंही तसंच करता येईल, असं त्याने ठरवलं. लेखक वेगळे, निर्माते वेगळे, गायकांना उठणं-बसणं आणि नाच शिकवणारे वेगळे. इतकंच काय, कोणतं गाणं बाजारात जायचं हे ठरवायला क्वालिटी कंट्रोलची बैठक! आमच्या एमबीएच्या वर्गात शोभावी अशी ही केस आहे.

या लाइनवरचं इंजिन म्हणजे वादकांची एक टोळी. स्वतःला ते 'फंक ब्रदर्स' म्हणत. सुरुवातीला पियानोवर जो हंटर, मग त्याच्या जागी अर्ल व्हॅन डाइक. ड्रम्सवर बेनी बेंजामिन, नंतर युरिएल जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन. गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना. टँबोरिनवर जॅक अ‍ॅशफर्ड. आणि बेसवर जेम्स जेमरसन.

यातले बरेच जण जॅझचे पट्टीचे वादक. रात्री डेट्रॉइटच्या क्लबांत मनासारखं वाजवायचं आणि दिवसा स्नेकपिटमध्ये पोटासाठी. निर्माता पुष्कळदा फक्त कॉर्ड्स लिहिलेला कागद घेऊन यायचा. कोणत्या वाद्याने कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, गाण्याला ओळख देणारी सुरावट कोणती, यातलं कितीतरी या मंडळींनी जागच्या जागी घडवलं. 'माय गर्ल'चा तो जिना रॉबर्ट व्हाइटने बांधला. खालचा ठोका जेमरसनचा.

जेमरसनबद्दल दोन शब्द जास्त. जन्म 1936 चा, साउथ कॅरोलायनातला. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने बेस वाजवायचा, म्हणून त्या बोटाचं नावच 'द हुक' पडलं होतं. त्याच्या आधी पॉप गाण्यातला बेस म्हणजे घराचा पाया: असतो, पण दिसत नाही. जेमरसनने त्याला बोलायला लावलं. गायकाची ओळ एकीकडे चाललेली असते आणि खालून हा दुसरंच गाणं गात असतो, तरीही दोघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने ज्यांच्याकडून आपण शिकलो म्हणून सांगितलं, त्यांत जेमरसनचं नाव आहे. गंमत अशी, की लिव्हरपूलमध्ये बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्या मुलाला त्या वेळी हे नाव कुठे वाचायलाच मिळालं नसतं.

आता पैशांचं बोलू. सुरुवातीच्या वर्षांत एका गाण्यामागे साधारण 10 डॉलर मिळत, असं हे वादक सांगत. पुढे पगार सुरू झाले आणि त्या काळच्या डेट्रॉइटमध्ये ते वाईट नव्हते. ज्या शहरात कृष्णवर्णीय वादकाला बारमाही काम मिळणंच दुर्मीळ, तिथे एका कृष्णवर्णीय मालकाने रोजचं काम दिलं, हेही खरं. धोकाही त्यानेच पत्करला होता. शंभर गाणी केली तर चालणार किती, हे आधी कोणाला ठाऊक असतं?

पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी वाजवायला बंदी. वादक चोरून जातच. जॅकी विल्सनच्या 'हायर अँड हायर' या 1967 च्या गाण्यावर शिकागोला जाऊन वाजवणारे यांच्यातलेच होते. पण पकडले गेले तर दंड. दुसरी गोष्ट अधिक खोल, ती म्हणजे रेकॉर्डवर नाव नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ आहे. आपल्या गाडीचं इंजिन कोण बनवतो हे शेजारच्या कारखान्याला कळलं, तर तो कारागीर पळवणार. म्हणून नाव झाकून ठेवायचं.

नाव पहिल्यांदा ठळकपणे छापलं गेलं ते मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर, 1971 साली. म्हणजे बारा वर्षांनी. त्यात जेमरसनच्या नावामागे 'अतुलनीय' असं विशेषणही लावलं होतं. पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. वादकांच्या आठवणींत असं येतं, की एके दिवशी ते कामावर आले तर दारावर चिठ्ठी होती: आज रेकॉर्डिंग नाही. ते 'आज' पुन्हा संपलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी सगळीकडे असंच होतं. नाही, श्रोतेहो. म्हणूनच आणखी दोन गावांत डोकावू या.

पहिलं मेम्फिस. तिथे मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवर एका जुन्या सिनेमा थिएटरात स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ होता. तिथल्या घरच्या वादकांनी 1962 मध्ये स्वतःच्या नावाने 'ग्रीन अन्यन्स' ही रेकॉर्ड काढली आणि ती गाजली. बुकर टी. अँड द एमजीज हे नाव घरोघरी गेलं. त्यांचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर गाणी रचण्यातही भागीदार होता. विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर', ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे', दोन्हींवर सहलेखक म्हणून त्याचं नाव आहे. सहलेखक म्हणजे गाणं वाजेल तेव्हा पैसे. मात्र इथेही कागदाने घात केलाच, फक्त तो मालकाचा. वितरणाच्या करारातल्या कलमामुळे जुन्या रेकॉर्डिंगची मालकी अ‍ॅटलांटिक कंपनीकडे गेली आहे, हे स्टॅक्सच्या जिम स्टुअर्टला 1968 मध्ये कळलं.

दुसरं गाव अलाबामातलं, मसल शोल्स. तिथे रिक हॉलच्या फेम स्टुडिओत चार वादक होते: जिमी जॉन्सन, रॉजर हॉकिन्स, डेव्हिड हूड आणि बॅरी बेकेट. 1969 मध्ये चौघे बाहेर पडले आणि अ‍ॅटलांटिकच्या जेरी वेक्सलरच्या पाठबळावर त्यांनी शेजारच्या शेफिल्ड गावात, 3614 जॅक्सन हायवेवर स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथे येऊन 'ब्राउन शुगर' आणि 'वाइल्ड हॉर्सेस' रेकॉर्ड करून गेले. वादकच मालक झाले. हे चौघे गोरे होते आणि अशा माणसांना स्टुडिओ काढायला पैसा मिळणं त्या काळी सोपं होतं, हेही विसरून चालणार नाही.

म्हणजे कौशल्य तेच, काळ तोच, पण करार तीन. डेट्रॉइटच्या वादकाला मजुरी मिळाली. मेम्फिसच्या वादकाला नाव आणि लेखनात वाटा मिळाला. मसल शोल्सच्या वादकाला जागेची मालकी मिळाली. वीस वर्षांनी कोण कुठे असेल, ते बऱ्याच अंशी या फरकावर ठरलं.

मोटाउन कंपनी 1988 मध्ये 6 कोटी 10 लाख डॉलरला विकली गेली. जेमरसन ते पाहायला नव्हता. मार्च 1983 मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा कॅलिफोर्नियात झाला, ज्यात मायकल जॅक्सनने मूनवॉक केला तोच. त्याच्या चरित्रकाराने, अ‍ॅलन स्लट्स्कीने लिहिलं आहे, की जेमरसनने तिकीट विकत घेतलं आणि वर बाल्कनीत बसून तो कार्यक्रम पाहिला. खाली वाजत असलेल्या कितीतरी गाण्यांचा बेस त्याचा होता. 2 ऑगस्ट 1983 रोजी तो गेला. वय 47.

रॉबर्ट व्हाइटची गोष्टही स्लट्स्कीनेच सांगितली आहे. दोघे लॉस एंजेलिसमध्ये एका हॉटेलात जेवायला बसले होते. वेटर ऑर्डर घ्यायला आला आणि नेमकं त्याच वेळी 'माय गर्ल' लागलं. व्हाइटचा चेहरा उजळला. ऐकतोस ना, असं म्हणत तो वेटरला काही सांगायला गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने बार्बेक्यू चिकन मागवलं. वेटर गेल्यावर कारण कळलं. हे मी वाजवलंय म्हटलं, तर म्हातारा काहीतरी बरळतोय असं त्या पोराला वाटलं असतं.

मंडळी, मला या सगळ्या कहाणीत 10 डॉलरपेक्षा हे चिकन जास्त टोचतं. मजुरी कमी मिळाली तर भांडता येतं. पण आपण केलेलं काम आपलं आहे, हे सांगायला पुरावाच नसेल तर माणूस स्वतःच्याच कामाच्या बाबतीत परका होतो.

ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे कन्सल्टंट पुष्कळ असतील. आपण लिहिलेला कोड क्लायंटचा असतो, आपलं नाव कुठल्या स्क्रीनवर येत नाही आणि त्याचे आपण ठरलेले पैसे घेतो. त्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. करार समजून सही केलेली असते. पण एका गोष्टीचा विचार करा. तुमच्या हाताखाली एखादी नवी मुलगी रात्रभर बसून सिस्टिम उभी करते. दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर स्लाइड तुम्ही दाखवता. त्या स्लाइडवर तिचं नाव घालायला किती खर्च येतो? शून्य. आणि पुढची नोकरी मागताना तिला तेच नाव कामी येतं. नाव ही फुकटात देता येणारी पगारवाढ आहे.

फंक ब्रदर्सना उशिरा का होईना, न्याय मिळाला. 2000 मध्ये जेमरसन रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2002 मध्ये स्लट्स्कीच्या पुस्तकावरून 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हा माहितीपट आला आणि उरलेले वादक पुन्हा एकत्र वाजवताना जगाने पाहिले. 2004 मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. व्हाइट मात्र 1994 मध्येच गेला होता.

कायदाही थोडा हलला आहे. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर लेखक-संगीतकारांना पैसे मिळतात, वादकाला आणि गायकाला आजही नाही. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओचे नियम वेगळे आहेत: तिथे रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतले 5 टक्के पडद्यामागच्या वादक-गायकांच्या निधीत जातात. 1972 च्या आधीची रेकॉर्डिंग 2018 च्या कायद्याने त्यात आली. म्हणजे मोटाउनची ती सगळी गाणीही.

आम्ही आमच्या बाजूने इतकंच करतो आहोत: यापुढे या कार्यक्रमात गाणं लावताना गायक आणि संगीतकार यांच्याबरोबर, खात्रीने माहीत असेल तिथे, वादकांची नावंही सांगू. तुम्हीही मुलांना घेऊन एकदा हिट्सव्हिलच्या संग्रहालयात जा. स्टुडिओ 'ए' अजून जागेवर आहे. तिथे उभं राहिलं की कळतं, जागा किती लहान होती.

आता गाणं लावतो. टेम्प्टेशन्स, 'माय गर्ल'. गायक डेव्हिड रफिन. गिटार रॉबर्ट व्हाइट. बेस जेम्स जेमरसन. ऐका.